लेव्हलबुकाच्या कोऱ्या पानांवर

थोरले मामा स्वतःची गोष्ट सांगायला बसले, की आधी त्यांच्या वडिलांची सांगायचे. आजोबा भाटघरला, म्हणजे 1928 सालच्या लॉइड धरणावर, ओव्हरसियर होते. ते दगड हातोडीनं वाजवून घेत. खणखणीत वाजला तर भिंतीत, बद्द वाजला तर बाजूला. हेच आजोबा संध्याकाळी भजनात मृदंगावर बसत. ‘कान एकच, दिवसा दगडाला लावायचा, रात्री मृदंगाला,’ असं मामा म्हणत.

मामांकडे तो कान नव्हता, डोळा होता. पहिली नोकरी कोयनेला. डंपी लेव्हलनं उंचसखलपणा मोजायचं काम पहाटेच उरकावं लागे, कारण ऊन तापलं की दुर्बिणीतून स्टाफवरचे, म्हणजे समोर उभ्या धरलेल्या मोजपट्टीवरचे, आकडे थरथरताना दिसत. मग दुपारी, भरलेल्या लेव्हलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर ते पेन्सिलीनं चित्रं काढत. स्टाफ धरून ताटकळलेला खलाशी, घमेलं उतरवून चुंबळ सोडणारी बाई, पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून डोळे किलकिले करत बाहेर येणारी पाळी. कोयना धरण 103 मीटर उंच आहे, हे कुठल्याही अहवालात सापडतं. ते बांधणारी माणसं मला भेटली ती मामांच्या वह्यांत.

11 डिसेंबर 1967च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगरातली घरं कोसळली, शेजारची माणसं गेली. त्या रात्रीबद्दल मामा फार बोलत नसत. धरणाबद्दल मात्र बोलत. भिंतीचा उतार वरच्या भागात जिथे एकदम बदलतो, तिथेच तडे गेले होते. पुढे मागच्या बाजूनं टेकू बांधून भिंत भक्कम केली. तड्यांचं चित्र त्यांनी काढलं आहे, आणि त्यात हात थरथरल्याची एकही रेघ नाही.

सत्तरच्या दशकात कालव्याच्या कामावर ते इराकला गेले. तिथून आली ती समाराच्या मलविया मिनाराची चित्रं. बाहेरून गोल चढत जाणारी वाट; वर जाताना वेढा आखडतो, उंची मात्र दर वेढ्याला जवळपास तेवढीच चढायची, म्हणून चढ उभा होत जातो. मामांनी प्रत्येक वेढ्याशेजारी उताराचा अंदाज लिहून ठेवला आहे. अकराशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याशी त्यांची ही चर्चाच चालली होती, असं मला वाटतं.

निवृत्तीनंतर ते कोकण रेल्वेवर गेले आणि जलरंगांकडे वळले. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल 64 मीटर उंच. त्याचा माथा एका टोकाला थोडा थोडा ओतून जॅकनं पुढे ढकलत नेला. मामांच्या चित्रात पूल कोपऱ्यात आहे आणि पानभर आहे तो जॅकच्या काट्यावर नजर रोखून बसलेला कामगार.

मामा गेल्यावर वह्या मामेबहिणीकडे आल्या. चित्रांखाली तारखा आहेत, मोजमापं आहेत, नावं थोड्यांचीच. हेळवाक-पोफळीकडे त्या माणसांना ओळखणारं कुणी अजून असेल. दिवाळीनंतर वह्या घेऊन आम्ही दोघी तिकडे जाणार आहोत, जेवढी मिळतील तेवढी नावं लिहून घ्यायला.