पाथरी : न पेरलेली भाजी

मंद्रूपच्या काळ्या रानात शाळू वर आला की तणाबरोबर पाथरीही दिसू लागते. जमिनीला चिकटलेली पानं, तोडली की पांढरा चीक, वर पिवळं फूल. युरोपात गरिबाघरी ज्या डँडेलियनची कोवळी पानं खात आले, तीही सूर्यफुलाच्याच कुळातली. तिकडे तिची लागवडसुद्धा झाली. पाथरी मात्र आपली आपणच उगवते.

खुरपायला गेलेल्या बायका ती ओट्यातून घरी आणत. धुवायची आणि शेंगाची चटणी, कच्चं तेल, कांदा यांच्याबरोबर भाकरीशी खायची. सरपण नाही, पैसा नाही. भीमा ओलांडून विजापूरकडे गेलं की तिलाच हक्करकी म्हणतात. तिथंही ती कच्चीच खातात.

१८९९-१९०० च्या दुष्काळानंतर, १९०२ साली, जी. ए. गॅमी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मुंबई इलाख्यात टंचाईत खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींची टिपणी प्रसिद्ध केली. काम मोलाचंच. पण अशा नोंदींमुळे रानभाजी म्हणजे उपासमारीचं खाणं, हा समज पक्का झाला, असं मला वाटतं. पाथरीवर तो अन्याय आहे. ओलच नसेल तर पाथरी तरी कुठली उगवणार? १९७२ साली लोकांना तारलं ते दुष्काळी कामांनी, मिलो ज्वारीनं आणि सुकडीनं. पाथरी ही बऱ्या वर्षातली, काटकसरीची भाजी.

उजनी धरणानंतर जिल्ह्यात ऊस वाढला. उसात ‘टू-फोर-डी’सारखं तणनाशक मारलं की रुंद पानांचं तण आधी जळतं. पाथरी त्यातच जाते.