मातीचे मोल कोणी ठरवले?

मराठीत 'मातीमोल' म्हणजे कवडीमोल. आयुष्याची 'माती झाली' म्हणजे ते वाया गेले. त्याच मराठीत शेतजमिनीला 'काळी आई' म्हणतात आणि जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात : 'काळी' म्हणजे पिकाची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची जागा. भाषेतला हा अंतर्विरोध मातीकडे पाहण्याच्या आपल्या इतिहासातही आहे. गेल्या सुमारे दोनशे वर्षांत या देशातील जमिनीची पाहणी पुनःपुन्हा झाली. प्रत्येक वेळी पाहणाऱ्याचा हेतू निराळा होता आणि हेतूबरोबर मातीत काय मोजायचे तेही बदलत गेले. या मोजण्यांचा आढावा घेताना एक प्रश्न सतत समोर ठेवावा लागतो : त्यातून जे ज्ञान झाले ते जमीन कसणाऱ्याच्या हाती कितपत आले?

इंग्रजी अमलातील पहिल्या पद्धतशीर पाहण्या साऱ्यासाठी झाल्या. रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८२०च्या दशकाच्या उत्तरार्धात दख्खनमध्ये निव्वळ उत्पन्नाच्या सिद्धान्तावर आकारणी बसवण्याचा प्रयत्न केला. कागदावर तर्कशुद्ध असलेली ही आकारणी रयतेला इतकी जड गेली की अनेकांनी जमिनी सोडून दिल्या. त्यानंतर १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत सुरू केली व १८४७च्या संयुक्त अहवालाने तिला पक्के रूप दिले. रंग आणि पोत यांवरून मातीचे तीन वर्ग, खोलीवरून नऊ प्रती आणि सर्वोत्तम प्रतीला सोळा आणे धरून इतरांची उतरती किंमत, अशी तिची रचना होती. चुनखडी, वाळू, उतार यांसारखा दोष आढळला की प्रत खाली येई. ही नजर सूक्ष्म होती, यात शंका नाही. कमी पावसाच्या मुलखात मातीची खोली म्हणजे ओल धरून ठेवण्याची ताकद, हे तिने अचूक हेरले होते. मात्र तीस वर्षांच्या मुदतीसाठी सारा एकदा ठरला की त्या काळात जमीन सुधारते आहे की खंगते आहे, हा प्रश्न या पद्धतीच्या कक्षेतच येत नव्हता.

तो प्रश्न मराठीत ठणकावून विचारला जोतीराव फुले यांनी. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) आपण वैचारिक गद्याचा नमुना म्हणून वर्गात शिकवतो, पण त्यातील मातीविषयीचे विवेचन बहुधा हातून निसटते. डोंगरावरचा पालापाचोळा, गवत, मेलेले किडे, जनावरांचे मलमूत्र यांचे सत्त्व पावसाबरोबर वाहत खालच्या शेतांत येई आणि जमिनीला आपोआप खत मिळे, असे जोतीराव दाखवतात. जंगलखात्याने डोंगर व कुरणे बंद केली, गुरे घटली, जमिनीला विसावा मिळेनासा झाला आणि तिची शक्ती ओसरली, ही त्यांची कारणमीमांसा. उपायही तितकाच रोखठोक आहे. पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरेल. येथे मातीचा ऱ्हास हा निसर्गाचा कोप राहत नाही, तो राज्यकारभाराचा परिणाम ठरतो. प्रयोगशाळेतील आकड्यांच्या आधी मराठीत मातीच्या आरोग्याची जाणीव अशी राजकीय भाषेत अवतरली, ही वाङ्मयेतिहासानेही नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे.

यानंतर सहाच वर्षांनी, डिसेंबर १८८९ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर हिंदुस्थानात आले. जानेवारी १८९१ पर्यंत त्यांनी देशभर फिरून पाहणी केली. तिचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. येथील शेतकरी अडाणी आहे, हा समज त्यांनी खोडून काढला. उणीव कौशल्याची नसून खताची आहे आणि शेण जाळले जाते ते सरपण नसल्यामुळे, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणून सरपण व चाऱ्यासाठी राखीव वने असावीत, अशी शिफारस त्यांनी केली. फुले आणि व्होल्कर यांची भाषा, भूमिका आणि वाचक सर्वस्वी वेगळे होते, तरी डोंगर, जनावर आणि शेत यांचे तुटलेले नाते दोघांनाही दिसले, हे विशेष.

पुढच्या काळात मातीचे शास्त्र संस्थांमध्ये स्थिरावले. जॉन वॉल्टर लेदर यांनी १८९८ मध्ये भारतीय जमिनींचे गाळाची, काळी, तांबडी आणि जांभी असे चार मुख्य प्रकार केले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरोल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील माती आणि पाणी त्यांनी जमिनीचे तुकडे व कर्ज यांच्यासह पाहिले. माती समाजापासून वेगळी काढून तपासली नाही. ते गाव आज पिंपरी-चिंचवड शहरात विरघळले आहे. इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा व शेण कुजवून खत करण्याची पद्धत सिद्ध केली आणि १९३१च्या ग्रंथात सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आले. शेतकऱ्यांना आपले गुरू मानणारा हा शास्त्रज्ञ मातीला जिवंत समजत होता. परंतु शेती पुढे गेली ती रासायनिक खतांच्या वाटेने.

स्वातंत्र्यानंतर १९५५-५६ मध्ये देशात माती परीक्षण प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. नागपूरला १९७६ मध्ये मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आणि १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मृद आरोग्य पत्रिकेच्या योजनेचा आरंभ झाला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय मृदा वर्षही होते. पहिल्या दोन फेऱ्यांतच २२ कोटींहून अधिक पत्रिका वाटल्या गेल्या. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब अशा १२ निकषांची ही पत्रिका होय. मातीविषयीचे ज्ञान इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच शेतकऱ्याच्या नावाने लिहिले गेले. हे श्रेय लहान नाही.

तरीही दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. या योजनेत बागायतीत अडीच हेक्टरांच्या आणि जिरायतीत दहा हेक्टरांच्या चौकोनातून एक नमुना, अशी पद्धत ठरवली गेली. साहजिकच अल्पभूधारकाच्या हाती आलेला आकडा शेजाऱ्याच्या शेतातला असू शकतो. शिवाय १८४७ मध्ये जी मोजल्याखेरीज प्रत ठरत नव्हती, ती मातीची खोली या १२ निकषांत नाही. साऱ्याला खोली हवी होती म्हणून ती मोजली गेली; खताच्या शिफारशीला अन्नद्रव्ये हवी होती म्हणून ती मोजली गेली. धुपून गेलेल्या थराची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. दुसरी गोष्ट किमतीची. एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्याधारित अनुदान आले, पण त्यातून युरिया वगळला गेला. तो स्वस्तच राहिला. पत्रिका संतुलित खत वापरा म्हणते, तर दुकानातला भाव युरियाकडे बोट दाखवतो. अशा वेळी शेतकरी कोणाचे ऐकेल, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

मोजणी आणि जागृती या दोन भिन्न क्रिया आहेत, हे या इतिहासाचे सार म्हणता येईल. शेतकऱ्याजवळ बरड, मुरमाड, चोपण, पोयटा असे शब्द पूर्वीपासून आहेत आणि त्या प्रत्येकात पिढ्यांचे निरीक्षण साठले आहे. पत्रिकेतले आकडे या शब्दांशी जोडले गेले, तरच ते त्याला आपल्या शेताविषयी काही सांगतील. हे काम एकट्या कृषिखात्याचे नव्हे. भाषा शिकवणाऱ्यांनीही ते आपले मानले पाहिजे. 'असूड' शिकवताना त्यातल्या मातीपाशी थोडे थांबलो, तरी सुरुवात होईल. जोतीरावांनी मागितलेल्या ताली सरकारने घालायच्या होत्या. त्या मागण्याइतकी माती ओळखणारा वाचक घडवणे मात्र आपल्या वर्गात होऊ शकते.