पदवी, परवाना आणि गावाचा डॉक्टर

बारावीचा निकाल लागला की शिक्षकांकडे एक प्रश्न हमखास येतो. "सर, पदवीसाठी चार वर्षे घालवू, की एखादा प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करून लवकर कामाला लागू?" २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हा प्रश्न जास्तच विचारला जाऊ लागला आहे. या धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स किंवा संशोधनासह पदवी अशी मांडणी आहे. म्हणजे मधूनच बाहेर पडण्याची सोय आहे.

प्रश्न आजचा वाटला तरी तो जुना आहे. आपल्या देशात तो एका क्षेत्रात फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेला, आणि त्याचे एक ठाम उत्तरही दिले गेले. ते क्षेत्र म्हणजे वैद्यक. वयस्क वाचकांना आपल्या गावातल्या डॉक्टरांच्या पाटीवरची 'एल.सी.पी.एस.' किंवा 'एल.एम.पी.' ही अक्षरे आठवत असतील. त्यातला 'एल' म्हणजे लायसेन्शिएट, अर्थात परवानाधारक. हे डॉक्टर विद्यापीठाचे पदवीधर नव्हते, पण भोंदूही नव्हते. रीतसर शिकून, परीक्षा देऊन त्यांनी रोगी तपासण्याचा परवाना मिळवलेला होता. एके काळी देशातल्या डॉक्टरांत बहुसंख्य तेच होते. मग ते नाहीसे का झाले?

लंडनचे औषधविके

या परवान्याचे मूळ इंग्लंडमध्ये सापडते. अठराव्या शतकात तिथे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची पदवी घेतलेले फिजिशियन सर्वांत वरच्या दर्जाचे मानले जात. पण ही पदवी पैसेवाल्या पुरुषांनाच परवडे, आणि इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे अनुयायी नसणाऱ्यांना ती मिळतच नसे. सामान्य माणसाचा डॉक्टर म्हणजे अपॉथिकरी, औषधे बनवून विकणारा दुकानदार.

१८१५ मध्ये ब्रिटिश संसदेने या औषधविक्यांसाठी कायदा केला. पाच वर्षे उमेदवारी, ठरावीक विषयांची व्याख्याने, रुग्णालयातला अनुभव आणि शेवटी परीक्षा. ती उत्तीर्ण होणाऱ्याला लंडनची अपॉथिकरींची संस्था परवाना देऊ लागली. प्रसिद्ध कवी जॉन कीट्सने १८१६ मध्ये हाच परवाना मिळवला होता. उमेदवारीचे जुने शिक्षण आणि परीक्षेची नवी शिस्त यांची सांगड घालणारा हा कायदा होता.

पदवीचे दार बंद असलेल्यांना परवान्याची खिडकी कशी उपयोगी पडते, याचे उदाहरण एलिझाबेथ गॅरेट हिचे आहे. कोणतेही विद्यापीठ स्त्रियांना वैद्यकाची पदवी द्यायला तयार नव्हते. अपॉथिकरींच्या नियमांत मात्र स्त्रियांना मनाई असल्याचे लिहिलेले नव्हते, कारण तशी वेळ येईल असे कुणाला वाटलेच नव्हते! गॅरेटने खासगी रीतीने शिकून १८६५ मध्ये परवाना मिळवला. त्यानंतर संस्थेने नियम बदलून ती खिडकीही लावून घेतली.

हीच गोष्ट थोड्या वेगळ्या रूपात आपल्याकडे येते. नवऱ्याच्या घरी नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला १८८० च्या दशकात गाजला. त्या १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या आणि १८९४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधल्या वैद्यक मंडळांचा संयुक्त परवाना मिळवला. त्यानंतर ब्रसेल्सची एम.डी. घेऊन त्या परतल्या आणि पुढे अनेक वर्षे सुरत व राजकोट येथे त्यांनी रुग्णसेवा केली.

कंपनी सरकारची गरज

हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीला पलटणींसाठी आणि दवाखान्यांसाठी स्वस्तात मिळणारे मदतनीस हवे होते. १८२२ मध्ये कलकत्त्याला आणि १८२६ मध्ये मुंबईला देशी लोकांसाठी वैद्यकीय शाळा निघाल्या. शिकवणे देशी भाषांतून होते. मुंबईची शाळा १८३२ मध्ये आणि कलकत्त्याची १८३५ मध्ये बंद झाली. १८३५ मध्येच कलकत्त्याला इंग्रजी माध्यमाचे मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि १८४५ मध्ये मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेज. ग्रँट कॉलेजमधून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते.

कॉलेजांतून निघणारे डॉक्टर उत्तम होते, पण संख्येने मूठभर. तालुक्याचे दवाखाने, देवी टोचण्याची मोहीम, दुष्काळातल्या छावण्या यांना ते कसे पुरणार? त्यामुळे देशी भाषांतले वर्ग पुन्हा सुरू करावे लागले. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तके लिहिणे हे मोठेच काम होते. मराठीत ते करणाऱ्यांत डॉ. सखाराम अर्जुन हे एक. रखमाबाईंचे हे सावत्र वडील. शरीराचे अवयव, रोग, औषधे यांसाठी मराठी शब्द घडवण्याचे श्रम या मंडळींनी केले.

१८७० च्या दशकात पुणे, अहमदाबाद, कलकत्ता येथे अशा शाळा उभ्या राहिल्या. पुण्याची बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूल त्यांतलीच. पुढे माध्यम इंग्रजी झाले. मुंबईत १९१२ मध्ये कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही परीक्षा घेणारी संस्था स्थापन झाली आणि तिच्या परवान्याचे नाव झाले एल.सी.पी.एस. मॅट्रिकनंतर साधारण चार वर्षांत विद्यार्थी डॉक्टर होई. एम.बी.बी.एस. व्हायचे तर मॅट्रिकनंतर आधी दोन वर्षे इंटर सायन्स आणि मग पाच वर्षे कॉलेज. हा तीन वर्षांचा फरक गरीब घरातल्या मुलाच्या दृष्टीने किती मोठा होता, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

खिडकीतून आत आलेले

कलकत्त्याच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ही शाळा १८७३ ची. शिकवणे बंगालीतून. १८८८ मध्ये ती मुलींना खुली झाली. तिथे शिकलेल्या हैमवती सेन या बालविधवा. विद्यापीठाची कोणतीही परीक्षा न दिलेल्या या बाईंना मेडिकल कॉलेजने दारातही उभे केले नसते. कॅम्पबेलमधून १८९४ मध्ये त्यांनी परवाना मिळवला. सुवर्णपदक आपल्यालाच मिळायचे होते, पण मुलग्यांनी दंगा केला आणि आपल्याला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. पुढे हुगळी येथे त्या स्त्रियांच्या रुग्णालयात डॉक्टर होत्या.

नीलरतन सरकार हे कॅम्पबेलचे आणखी एक विद्यार्थी. १८८१ मध्ये परवाना घेतल्यावर काही काळ त्यांनी शाळेत शिकवले, मग मेडिकल कॉलेजात जाऊन १८९० मध्ये एम.डी. मिळवली. पुढे ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

परवान्याच्या शाळेत विज्ञान नव्हते, असेही म्हणता येणार नाही. काळा आजारावरचे युरिया स्टिबामाइन हे औषध उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या सुमारास शोधले, ते कॅम्पबेलच्याच एका लहानशा खोलीत, रॉकेलच्या कंदिलाच्या उजेडात. ते स्वतः पदवीधर होते हे खरे. पण त्यांचे रोगी, त्यांची प्रयोगशाळा आणि त्यांचे विद्यार्थी परवान्याच्या शाळेतले होते.

दोन पंगती

एवढे सगळे असूनही परवानाधारकांचे दुखणे जुनेच होते. सरकारी नोकरीत सर्वांत वर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी, त्यांच्याखाली कॉलेजमधून आलेले असिस्टंट सर्जन आणि तळाशी शाळेतून आलेले सब-असिस्टंट सर्जन. तालुक्याचा दवाखाना एकट्याने चालवणाऱ्या माणसाच्या हुद्द्यातच 'सब' आणि 'असिस्टंट' हे दोन शब्द! अनुभव कितीही वाढला, तरी वरच्या पंगतीत बसण्याची वाट फार अरुंद. नीलरतन सरकारांसारखे एखादेच तिथवर पोचले.

१९३३ च्या इंडियन मेडिकल कौन्सिल कायद्याने ही भिंत पक्की केली. हे कौन्सिल विद्यापीठांच्या पदव्यांचा दर्जा पाहणार होते. परवाने त्याच्या कक्षेबाहेर राहिले. परवानाधारकांच्या संघटनेने आपल्यालाही सामावून घेण्याची मागणी लावून धरली होती, पण ती त्या वेळी मान्य झाली नाही.

भोर समितीचा निर्णय

१९४३ मध्ये सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. १९४६ च्या तिच्या अहवालातले आकडे वर्गात फळ्यावर लिहावेत असे आहेत. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा १७,६५४ पदवीधर डॉक्टर होते आणि २९,८७० परवानाधारक. म्हणजे दर आठ डॉक्टरांमागे पाच परवानाधारक. दोन्ही मिळूनही सुमारे ६,३०० लोकांमागे एकच डॉक्टर पडत होता.

अशा परिस्थितीत समितीने काय सुचवावे? देशाची तुटपुंजी साधने एकाच प्रकारचा, उत्तम शिकलेला डॉक्टर घडवण्यासाठी वापरावीत. परवान्याचे अभ्यासक्रम बंद करावेत आणि शाळांची कॉलेजे करावीत. समितीतल्या सगळ्यांना हे पटले नव्हते. काही सदस्यांनी वेगळे मत नोंदवले. डॉक्टरांचा इतका दुष्काळ असताना हा मार्ग बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

समितीचे म्हणणे पोकळ नव्हते. अनेक शाळांत प्रयोगशाळा अपुऱ्या होत्या, शिक्षक कमी होते. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशात खेड्यातल्या माणसाने कमी दर्जाचा डॉक्टर का म्हणून स्वीकारावा, हा प्रश्नही रास्त होता. चुकीच्या औषधाने माणूस दगावतो, तेव्हा डॉक्टर स्वस्तात शिकला होता हे उत्तर पुरत नाही. विरोधकांची बाजूही तितकीच खरी होती. उत्तम डॉक्टर तयार होईपर्यंत रोग्याने थांबायचे कुठे?

निर्णय बहुमताप्रमाणे झाला. पुण्याच्या बी. जे. शाळेचे १९४६ मध्ये कॉलेज झाले, कॅम्पबेलचेही झाले आणि १९५० मध्ये त्याला नीलरतन सरकारांचे नाव मिळाले. जुन्या परवानाधारकांसाठी काही ठिकाणी एम.बी.बी.एस.चे संक्षिप्त अभ्यासक्रम निघाले. जी शिडी त्यांनी इतकी वर्षे मागितली होती, ती वर्गच संपवताना मिळाली!

राहिलेले काम

परवाना संपला, पण तो करत असलेले काम संपले नाही. कॉलेजे वाढली, डॉक्टर वाढले, तरी ते खेड्यात जाईनात. परवानाधारकही सगळे खेड्यात होते असे नव्हे. पण जे होते, त्यांची जागा बऱ्याच गावांत काहीच न शिकलेल्या 'डॉक्टरां'नी घेतली.

म्हणूनच तीच कल्पना पुन्हा पुन्हा डोके वर काढते. २००१ मध्ये छत्तीसगडने तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. तो काही वर्षांत बंद पडला. आसामने २००४ मध्ये कायदा करून ग्रामीण आरोग्याची तीन वर्षांची पदविका काढली. तो कायदा उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मात्र पदविकाधारकांना मर्यादित अधिकाराचे आरोग्यसेवक म्हणून काम देणारा आसामचा नंतरचा कायदा वैध ठरला. या दोन्ही प्रयत्नांत वाद जुनाच होता. यांना डॉक्टर म्हणायचे का? यांनी काय करायचे आणि काय नाही? आणि यांना पुढे शिकता येईल का?

विद्यार्थ्याला काय सांगावे?

मग सुरुवातीच्या प्रश्नाचे काय? परवान्याचा इतिहास पाहिला तर 'पदवीच घे' किंवा 'प्रमाणपत्र पुरे' असे सरसकट उत्तर देता येत नाही. विद्यार्थ्याने कोणते प्रश्न विचारावेत, हे मात्र सांगता येते.

हे प्रमाणपत्र कोण देते, आणि परीक्षा घेणारा त्या कामातला जाणकार आहे का? १८१५ च्या कायद्याचे बळ त्यातल्या उमेदवारीत आणि परीक्षेत होते. नुसत्या कागदाला किंमत नव्हती. हे शिक्षण घेऊन कोणते काम आपल्याला स्वतंत्रपणे करता येईल आणि कोणते नाही? ही मर्यादा आधीच स्पष्ट असली तर शिकणाराही सुरक्षित आणि त्याच्याकडे येणारा माणूसही.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. इथून वर जाणारी शिडी आहे का? एल.सी.पी.एस. डॉक्टरांचे शिक्षण तीन वर्षांनी कमी होते. ते अंतर भरून काढणे अशक्य नव्हते. पण वर चढण्याची वाट कुणी नीट बांधलीच नाही, म्हणून ते आयुष्यभराचे कमीपण ठरले. आज एक वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणारी मुलगी पाच वर्षांनी परत आली, तर तिचे शिकलेले आणि केलेले काम मोजले जाईल का, हे तिच्या प्रवेशाआधीच विचारून घ्यायला हवे. तिला ते सुचणार नाही. तिच्या शिक्षकांनी विचारावे.