कुमाऊंचे पंत कोकणातल्या कुठल्या गावचे?

कुमाऊंमध्ये पंत आडनावाची पुष्कळ घराणी आहेत. जयदेव पंत नावाचे विद्वान ब्राह्मण कोकणातून हिमालयात आले, राजाश्रयाने तिथेच राहिले आणि वंश वाढला, अशी त्यांची परंपरा. गोविंद वल्लभ पंत (जन्म १८८७) यांचे घराणेही आपले मूळ महाराष्ट्रात सांगत असे.

रानीखेतच्या पोस्टिंगमध्ये आमच्या पंत सुभेदारसाहेबांनी मला, कोकणातला म्हणून, त्यांचे मूळ गाव विचारले. पेन्शनवर गेल्यावर तिथल्या देवीसमोर एकदा डोके टेकवायची त्यांची इच्छा होती.

अडचण आडनावातच आहे. आपल्याकडे ‘पंत’ हा मुख्यतः नावाला जोडायचा मान : मोरोपंत, नारोपंत. त्याचे मूळ ‘पंडित’ या शब्दात. परमुलखात लोकांनी दिलेला मान पुढे आडनाव झाला असेल, तर घरचे जुने नाव त्याखाली गाडले गेले. हे अशक्य नाही. श्रीवर्धनचे भट पदावरून पेशवे झाले, वेळासचे भानू फडणवीस झाले. त्यांची दप्तरे होती, म्हणून आपल्याला दोन्ही नावे ठाऊक आहेत.

खुद्द कुमाऊं रेजिमेंटचेच पाहा. १९४५ पर्यंत ती १९ वी हैदराबाद रेजिमेंट होती. त्याआधीची मुळे निजामाच्या कंटिंजंटमध्ये, म्हणजे एलिचपूर, हिंगोलीच्या छावण्यांत. नुसत्या नावावरून शोधणारा डोंगरातच फिरत राहील. पण प्रत्येक नामांतराचा हुकूम कागदावर आहे. जयदेव पंतांच्या काळी पार्ट टू ऑर्डर निघत नव्हती!

म्हणून सुभेदारसाहेबांना मी कोकणातले कुठलेही गाव सांगितले नाही. खोट्या गावी डोके टेकवण्यापेक्षा शोध चालू राहिलेला बरा. त्यांना एवढेच म्हटले, उलटे चला. आधी कुमाऊंतले आपले जुने गाव पक्के करा. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या गाव आणि जातीवार असतात, त्यात आजोबा-पणजोबांच्या सह्या मिळतील. चंद राजांच्या जमीनदानाच्या ताम्रपटांत आपल्या घराण्याचे नाव आहे का, ते पाहा. गोत्र जपून ठेवा. लग्न जुळवताना ते विचारले जाते, म्हणून आडनाव बदलले तरी टिकते. पण एका गोत्रात शेकडो कुळे असतात. त्यामुळे गोत्र जुळले नाही तर एखादे कुळ वगळता येते, जुळले म्हणून नाते सिद्ध होत नाही.

आपल्यापैकी ज्यांचे पूर्वज तंजावर, इंदूर, बडोद्याकडे गेले, त्यांनाही हाच रस्ता आहे. आडनाव शेवटी तपासा, गाव आधी.