जुन्या गाडीच्या इंजिनातून ऑइल गळतंय: दुरुस्त करायचं की टॉप-अप करत चालवायचं?

घरची गाडी दहा-बारा वर्षांची झाली की पार्किंगच्या फरशीवर कधी ना कधी काळा डाग दिसतोच. मग दोन गॅरेजमध्ये दोन उत्तरं मिळतात. एक मेकॅनिक म्हणतो, "इंजिन उतरवावं लागेल." दुसरा म्हणतो, "चालू द्या हो, जुनी गाडी आहे, गळणारच." गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात, कारण सगळे ऑइल लीक सारखे नसतात. ऑइल किती जातंय, कुठून जातंय आणि गळून कशावर पडतंय, यावर खर्च करायचा की नाही हे ठरतं.

गळतं का?

इंजिनाचे दोन भाग जिथे जोडले जातात तिथे मध्ये पॅकिंग (गॅस्केट) असतं. फिरणारा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे रबरी ऑइल सील असतं. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन हे रबर कडक होतं, आक्रसतं आणि ऑइलला वाट मिळते. म्हणजे लीक दिसला याचा अर्थ इंजिन संपलं असा होत नाही. आतून ठणठणीत असलेलं इंजिनही बाहेरून गळू शकतं.

आधी हे इंजिन ऑइलच आहे ना, ते बघा. उन्हाळ्यात एसी लावल्यावर खाली पडतं ते साधं पाणी असतं. हिरवं, गुलाबी किंवा निळं असेल तर तो कूलंट. चाकाजवळ पातळ, फिकट तेलकट काही दिसलं आणि ब्रेक पेडल मऊ लागलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. मग पुढचं काही वाचत बसू नका, गाडी चालवूच नका.

डागावर जाऊ नका, डिपस्टिकवर जा

फरशीवरचा डाग फसवतो. साधारण २० थेंबांचं १ मिलिलीटर होतं. म्हणजे रात्रभरात पडलेले ४० थेंब बघून धडकी भरते, पण ते जेमतेम २ मिलिलीटर असतात. उलट काही लीक फक्त इंजिन चालू असताना, प्रेशरखाली गळतात. ते ऑइल रस्त्यावर जातं आणि पार्किंग स्वच्छ राहतं.

म्हणून मोजायचं ते डिपस्टिकवर. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि मग बघा. मोबाईलवर तिचा एक फोटो, लगेच ओडोमीटरचा दुसरा. दर रविवारी हे केलं की महिन्याभरात तुमच्याकडे खरा हिशोब तयार होतो. यासाठी वेगळं ॲप लागत नाही, गॅलरीतला एक अल्बम पुरतो.

आता आकडेमोड. समजा दर १००० किलोमीटरला २०० मिलिलीटर ऑइल कमी होतंय आणि वर्षाला गाडी ८००० किलोमीटर चालते. म्हणजे वर्षाला १.६ लीटर. लीटरला ५०० रुपये धरले तरी ८०० रुपये. समोर दुरुस्तीचा अंदाज दहा हजारांचा असेल, तर निव्वळ पैशांच्या हिशोबात टॉप-अप जिंकतं. फक्त हिशोब तिथेच संपत नाही.

डिपस्टिक उतरतेय पण खाली कुठेच ओलं नाही, आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय? मग ऑइल गळत नाही, जळतंय. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजल्याची ती खूण आहे. बाहेरचं पॅकिंग बदलून त्यात काडीचा फरक पडणार नाही. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखा रंग दिसला तर ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट मिसळल्याची शंका घ्या आणि गाडी न चालवता गॅरेजला दाखवा.

कुठून गळतंय यावर सगळं आहे

ऑइल खाली आणि मागे वाहत जातं, त्यामुळे सगळ्यात ओली जागा ही गळतीची जागा असेलच असं नाही. इंजिन आधी स्वच्छ करायला सांगा, थोडी गाडी फिरवून आणा आणि मग टॉर्च लावून वरून खाली शोधा. ही पायरी टाळून थेट "सील गेलंय" म्हणणाऱ्याला एक फोटो दाखवायला सांगा.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग हा सगळ्यात नेहमीचा आणि सगळ्यात स्वस्त लीक. तो इंजिनाच्या डोक्यावर असतो, बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत तासा-दोन तासांचं काम. हे लांबवू नका. इथून ओघळलेलं ऑइल गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडलं तर केबिनमध्ये जळका वास येतो आणि आगीचा धोका असतो. ऑइल मॅनिफोल्डवर पडत असेल तर ते महिन्याला चमचाभर का असेना, दुरुस्ती हाच पर्याय. नुसते बोल्ट आवळून काम भागत नाही. जास्त आवळलं की पत्र्याचं कव्हर वाकतं आणि लीक वाढतो.

ड्रेन प्लगचा वॉशर, ऑइल फिल्टरची रबरी रिंग, ऑइल प्रेशर स्विच: ही किरकोळ कामं आहेत. सर्व्हिसिंगनंतर अचानक गळायला लागलं असेल तर आधी इथेच बघायचं.

पुढच्या बाजूचं क्रँक किंवा कॅम सील जरा वेगळं प्रकरण आहे. जुनी ७९६ सीसीची अल्टो किंवा सँट्रो यांच्यात टायमिंग बेल्ट असतो. ऑइल लागून तो रबरी बेल्ट कमजोर होतो, आणि अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. तेव्हा बेल्ट असलेल्या गाडीत हा लीक थांबवणं गरजेचं. बेल्ट बदलायची वेळ आलीच असेल तर सील त्याच वेळी घाला. उघडायची मजुरी एकदाच पडते. अल्टो के१० सारख्या गाडीत चेन असते आणि ती ऑइलमध्येच फिरते, त्यामुळे तिथे ही विशिष्ट भीती नाही.

मग राहतं क्रँकचं मागचं सील. हाच तो "इंजिन उतरवावं लागेल" वाला लीक. सील स्वस्त असतं, पण तिथे पोहोचायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, म्हणजे तुम्ही पैसे देता ते मजुरीचे. पाझर थोडा असेल आणि क्लच घसरत नसेल तर माझ्या मते थांबा. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरणारच आहे, तेव्हा हे सील आवर्जून बदलून घ्या. ऑइल क्लचवर पोहोचलं, गाडी चढावर रेस होऊनही ओढेना, तर मात्र थांबण्यात अर्थ नाही.

नवीन सीलसुद्धा गळतं तेव्हा

ही गोष्ट गॅरेजमध्ये फार वेळा राहून जाते. इंजिनाच्या आत तयार होणारा वायू बाहेर काढायला ब्रीदर पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. तो काजळीने तुंबला की आतला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकललं जातं. हा व्हॉल्व्ह न तपासता घातलेलं महागडं सील काही महिन्यांत परत पाझरू शकतं. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी लीक दिसत असतील तर पहिला संशय इथे.

बाटलीतलं 'स्टॉप लीक' कडक झालेलं रबर थोडं मऊ करून फुगवतं. किंचित पाझर असेल तर कधीकधी फरक पडतो. फाटलेल्या सीलवर किंवा तुटलेल्या पॅकिंगवर नाही. ऑइल जाड घातलं की गळणं कमी होतं हेही अर्धसत्य. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेल्यांपैकीच ठेवा.

गाडी अजून किती वर्षं ठेवणार?

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे ५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं, महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण करही भरावा लागतो. वर्षभरात गाडी काढायचीच असेल तर मागच्या सीलवर मोठा खर्च करू नका. टॅपेट कव्हरसारखं स्वस्त काम मात्र करून घ्या, कारण ओलं इंजिन दिसलं की गिऱ्हाईक भाव पाडतंच. आणखी चार-पाच वर्षं चालवायची असेल तर उलट, पुढच्या मोठ्या कामाच्या यादीत सील आजच लिहून ठेवा.

टॉप-अपवर चालवायचं ठरवलं तर डिकीत त्याच ग्रेडचं एक लीटर ऑइल ठेवा. "नवीन ऑइल टाकतोच आहे, मग बदलायचं कशाला" हा हिशोब चुकीचा आहे. जुनं ऑइल आणि फिल्टर आत तसेच राहतात, तेव्हा ऑइल चेंज वेळेवरच. आणि डॅशबोर्डवर लाल ऑइल दिवा लागेपर्यंत थांबू नका. तो दिवा बहुतेक गाड्यांत पातळी नाही, प्रेशर दाखवतो. चालत्या गाडीत तो लागला तर बाजूला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. "दोन किलोमीटरवर तर गॅरेज आहे" म्हणून पुढे नेलेली गाडी तिथे पोहोचेपर्यंत बेअरिंग खाऊन बसलेली असू शकते.