धूर खाली येतो तेव्हा

रात्री एक वाजून बारा मिनिटांनी लिलाव संपणार होता. इंग्लंडमधल्या कुणा विक्रेत्याने एका संकेतस्थळावर एक जुनी वही विकायला काढली होती. वर्णन एवढेच, की हिंदुस्थानी हस्तलिखित, लिपी माहीत नाही. सोबतच्या दोन छायाचित्रांत मोडी अक्षर स्पष्ट दिसत होते. वेंगुर्ल्याचे नाव, सुपारीच्या गोण्यांचे आकडे, उधारीची नोंद. कोकणच्या बंदरांतला जुना व्यापार हा माझा गेल्या वीस वर्षांचा उद्योग. पदवी नाही, संस्था नाही, अनुदान नाही. वही घ्यायची तर पदरच्या पैशांनी. दीडशे पौंडांपर्यंत जायचे, असे मी मनाशी ठरवले होते.

सात दिवस मी त्या वहीवर पहारा दिला. कुणी माझ्यावर बोली चढवली की मी पाच-पाच पौंड वाढवायचो. शेवटच्या रात्री माझी ८५ पौंडांची बोली सर्वांत वर होती. घड्याळात चार सेकंद उरले असताना पडदा हलला आणि वही ८७ पौंडांना दुसऱ्याची झाली. नाव म्हणून दोन अक्षरे आणि मध्ये चांदण्या. त्या सात दिवसांत हा गृहस्थ एकदाही दिसला नव्हता.

पहिले काही दिवस मी याला लबाडी म्हणत होतो. मग सवयीप्रमाणे शोधायला लागलो की ही लबाडी किती जुनी आहे. शोध इतका मागे नेईल असे वाटले नव्हते.

सॅम्युएल पीप्स हा इंग्लंडच्या आरमार खात्यातला कारकुनीतून वर चढलेला अधिकारी. १६६० ते १६६९ या काळात त्याने लघुलिपीत लिहिलेली रोजनिशी प्रसिद्ध आहे. आरमाराची निकामी जहाजे विकणे हे त्याच्या कचेरीचे एक काम. ६ नोव्हेंबर १६६० च्या नोंदीत त्याने आयुष्यात प्रथमच पाहिलेल्या मेणबत्तीच्या लिलावाची हकिगत आहे. इंचभर मेणबत्ती पेटवायची. ती जळत असेपर्यंत कुणीही बोली लावावी. ज्योत विझण्याआधीची शेवटची बोली ज्याची, माल त्याचा. त्या दिवशी दोन जहाजे गेली, एक १३०० पौंडांना आणि दुसरे ८३० पौंडांना. पहिल्याचे नाव 'इंडियन' होते. शेवटी सगळेच एकदम ओरडू लागल्याने अखेरचा आवाज कुणाचा हे ठरवताना कचेरीची पुरेवाट झाली, असेही तो नोंदवतो.

माझ्या दृष्टीने अधिक मोलाची नोंद ३ सप्टेंबर १६६२ ची आहे. त्या दिवशी तीन जुनी जहाजे विकायची होती. सुरुवातीला कुणी तोंड उघडेना आणि मेणबत्ती संपत आली तेव्हा एकच गिल्ला झाला. त्या गर्दीत एक माणूस मात्र नेमका शेवटचा बोलत होता आणि माल नेत होता. पीप्सने त्याला गाठून विचारले. तो म्हणाला, ज्योत विझायच्या क्षणी धूर खाली उतरतो. त्यावरून मला वेळ कळते. पीप्सला ही गोष्ट मोठी गमतीची वाटली. चीड आल्याची खूण त्याच्या लिहिण्यात कुठेही नाही. (त्या सप्टेंबरात, आपल्याकडे, पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला मदत केल्याबद्दल पकडलेले राजापूर वखारीतले इंग्रज शिवाजी महाराजांच्या कैदेत होते. या दोन गोष्टींचा संबंध काही नाही. काळाची ओळख पटावी म्हणून सांगितले.)

मेणबत्ती कशासाठी, हा प्रश्न वाचकाला पडला असेल. हातोडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या हाती एक मोठी सत्ता असते, थांबण्याची. ओळखीच्या माणसाची बोली आली की त्याने पटकन हातोडा मारावा, नाहीतर दुसऱ्या ओळखीच्याची वाट पाहत रेंगाळावे. कोणाला सिद्ध करता येणार? मेणबत्तीला ओळखीपाळखी नसतात. म्हणून सरकारी कचेऱ्या, व्यापारी आणि लंडनची कॉफीघरे यांना ती पसंत पडली. ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा आपला माल मेणबत्तीवर विकत असे. सुरतेचे कापड आणि मलबारची मिरी आपल्या किनाऱ्यावरून निघून अखेर लंडनमध्ये एका इंचभर वातीपाशी पोहोचत होती. लिलावाची अखेर माणसाच्या हातून काढून वस्तूच्या हवाली केली, की पक्षपात संपला अशी कल्पना. तो संपलाही असेल. पण मग ज्याला त्या वस्तूचा स्वभाव कळला, तो राजा झाला.

धूर खरेच खाली येतो का, हे पाहण्यासाठी मी घरी बारा मेणबत्त्या शेवटपर्यंत जाळल्या. खिडक्या बंद, पंखा बंद, मे महिना. मला काही धूर उतरलेला दिसला नाही. सौ. ला एकदा दिसल्यासारखे वाटले. अर्थात माझ्या मेणबत्त्या पॅराफिनच्या, तेव्हाच्या स्वस्त मेणबत्त्या जनावराच्या चरबीच्या. शिवाय त्या माणसाचे डोळे त्या कामात मुरलेले असणार.

हा दोष इतरांच्याही लक्षात आला असावा, कारण मेणबत्तीचेच दुसरे प्रकार आढळतात. इंग्लंडमध्ये बर्कशायरमधल्या आल्डरमास्टन गावी चर्चच्या मालकीच्या एका शेताचा मक्ता दर तीन वर्षांनी मेणबत्तीवर दिला जातो. तिथे ज्योत विझण्याची वाट पाहत नाहीत. वातीपासून इंचभर खाली एक खिळा टोचतात. मेण वितळून तो पडला की लिलाव संपला. फ्रान्समध्ये स्थावर मालमत्तेच्या लिलावात चालत आलेली रीत तर माझ्या मते सर्वांत शहाणपणाची. तिथे छोट्या वाती एकामागून एक पेटवतात. मधे नवी बोली आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. लागोपाठ दोन वाती एकाही नव्या बोलीविना विझल्या, तरच सौदा पक्का. तिथे धुराकडे टक लावून काही साधत नाही, कारण शेवटच्या क्षणी बोललात तर तो शेवटचा क्षण राहतच नाही.

आपल्याकडे हे वेगळे शिकवावे लागत नाही. गोव्यात नि दक्षिण कोकणात जत्रेच्या वेळी देवळात जी पावणी होते, म्हणजे देवापुढे आलेल्या नारळ-केळ्यांचा किंवा दुकानांच्या जागांचा लिलाव, तिथे 'एक वार, दोन वार' होते आणि 'तीन वार' म्हणायच्या आत कुणी बोलला की पुन्हा 'एक वार'. फ्रान्सची वात आणि आपले 'एक वार' हे एकच तत्त्व. हातोडेवाल्याने घाई केली तर गाव त्याला विचारते.

आता आपल्या काळाकडे. ३ सप्टेंबर १९९५ रोजी पिएर ओमिद्यार या तरुण संगणकतज्ज्ञाने कॅलिफोर्नियात ऑक्शनवेब नावाचे संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे ईबे झाले. पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. पीप्सच्या धूरवाल्याचीही तारीख ३ सप्टेंबरच. मला अशा योगायोगांचा मोह आहे, पण पीप्सच्या इंग्लंडमध्ये जुने जुलियन पंचांग चालू होते, आजच्या पंचांगाच्या दहा दिवस मागे. तेव्हा तो मोह आवरतो.

ईबेने लिलावाची अखेर घड्याळाला दिली. सात दिवस म्हणजे सात दिवस, शेवटचा सेकंद सर्वांना दिसतो. पीप्सच्या काळी धूर ओळखणारा एकच होता, इथे प्रत्येकाच्या पडद्यावर धूर मोजून दाखवलेला. परिणाम व्हायचा तोच झाला. अखेरच्या सेकंदांत बोली टाकण्याला 'स्नायपिंग' हे नाव पडले आणि लवकरच ते काम झोपेतही करून देणाऱ्या संगणकीय सेवा निघाल्या. हा शब्दही आपल्या बाजूचाच म्हणायचा. स्नाइप म्हणजे पाणलावा, दलदलीत राहणारा, वेडावाकडा उडणारा पक्षी. अठराव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या पत्रांतून त्याच्या शिकारीसाठी हे क्रियापद रूढ झाले आणि तिथून ते दबा धरून गोळी घालणाऱ्यापर्यंत गेले.

पण यात एक कोडे आहे आणि ते सोडवताना माझा राग गेला. ईबेवर तुम्ही तुमची कमाल किंमत गुपचूप सांगता. यंत्रणा तुमच्या वतीने लागेल तेवढीच बोली चढवते. जिंकलात तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून एक पायरी जास्त द्यावी लागते, तुमची स्वतःची कमाल नव्हे. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली दुसऱ्या क्रमांकाची किंमत आकारणाऱ्या बंद लिलावाचे गणित मांडले. अशा लिलावात आपली खरी किंमत सांगून टाकणे हाच उत्तम डाव, हे त्याने दाखवले. या कामाला १९९६ चे नोबेल मिळाले आणि ते जाहीर झाल्यावर तीन दिवसांत तो वारला. गंमत म्हणजे अमेरिकेतले तिकिटांचे व्यापारी टपालाने बोली मागवून हीच पद्धत १८९३ पासून वापरत होते, असे पुढे एका अभ्यासकाला आढळले. प्रोफेसरांच्या आधी दुकानदारांना कळलेल्या गोष्टींची यादी करायला बसलो तर अंक पुरणार नाही.

तर मग पहिल्या दिवशी खरी किंमत टाकून माणसाने झोपावे. शेवटच्या सेकंदाची धावपळ कशाला? उत्तर माझ्या ८५ पौंडांत आहे. मनात दीडशे असून मी दीडशे सांगितले नव्हते. कुणी ढकलले की पाच पौंड, पुन्हा ढकलले की पाच. माझ्यासारख्या माणसासमोर आधी बोली टाकणे म्हणजे त्याला जागे करणे. त्या गृहस्थाने मला जागे व्हायला चार सेकंद दिले. माझ्या ८५ वर एक पायरी, दोन पौंड, म्हणून ८७. त्याची कमाल नव्वद होती की नऊशे, हे कधीच कळायचे नाही. नव्वद असेल, तर वही मी स्वतःच्या कंजूषपणाने घालवली. ती माझ्या घरी असायला मी पहिल्याच दिवशी दीडशे लिहायला हवे होते, एवढेच.

दुसरे कारण जाणकारांचे. आल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ईबे आणि अमेझॉन यांवरचे संगणकांचे आणि प्राचीन वस्तूंचे लिलाव ताडून पाहिले. ईबेवर संगणकांच्या ४० टक्के लिलावांत शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत आलेली होती, प्राचीन वस्तूंत ५९ टक्क्यांत. संगणकाची किंमत कुणीही दुकानात विचारावी. जुन्या वस्तूचे मोल मात्र ओळखणाऱ्यालाच माहीत, आणि ओळखणाऱ्याने बोली लावली हीच इतरांना मिळालेली बातमी ठरते. मोडीच्या वहीवर सात दिवस पहारा देऊन मी ही बातमी जगाला फुकट वाटत होतो. वही काय आहे हे त्या दुसऱ्याला ठाऊक होते की नाही, कोण जाणे. निदान कुणीतरी तिच्यासाठी धडपडतो आहे, हे त्याला दिसत होते.

त्याच निबंधात अमेझॉनचा आकडा दोन्ही प्रकारांत सुमारे ३ टक्के आहे. अमेझॉनने १९९९ मध्ये लिलाव सुरू करताना नियम ठेवला होता की दहा मिनिटे नवी बोली न येता गेल्याशिवाय लिलाव संपायचा नाही. म्हणजे फ्रान्सची वात, किंवा पावणीतले 'एक वार'. एका नियमाने केवढा फरक! तरीही अमेझॉनचे लिलाव टिकले नाहीत आणि ईबेचे वाढले. त्याला इतर कारणे होती. जिथे विकणारे जास्त तिथे घेणारे जातात, आणि उलटही. पण नियम न्याय्य असला म्हणजे बाजार तिकडे वळतोच असे नाही, याची मी नोंद करून ठेवली आहे.

आपल्याकडे बाझी डॉट कॉम ही मुंबईची कंपनी ईबेने २००४ मध्ये विकत घेतली आणि २०१८ मध्ये ईबेचे भारतीय संकेतस्थळ बंदही झाले. मात्र बँका जप्त केलेल्या घरांचे जे ई-लिलाव करतात, त्यांच्या जाहिरातींतला बारीक मजकूर वाचून पाहावा. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ आणखी पाच मिनिटांनी वाढेल, आणि असे कितीही वेळा, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. घर गेलेल्या माणसाच्या कर्जातून किती रक्कम फिटणार, हे त्या अटीवर थोडेफार अवलंबून असते. आणि २०२१ पासून पोल्काडॉट नावाच्या संगणकीय चलनव्यवस्थेने आपल्या जाळ्यातल्या जागांचे लिलाव चक्क 'मेणबत्ती' या नावाने घेतले. बोली कित्येक दिवस चालायची आणि मागाहून यंत्रणा त्या मुदतीतला कुठलातरी क्षण चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायची. लिलाव तेव्हाच संपला होता असे ठरायचे. शेवटचा क्षण कधी होता हेच आधी कुणाला माहीत नसले, तर धूर पाहणार कोण?

वहीच्या नव्या मालकाला निरोप द्यावा, निदान पानांची छायाचित्रे मिळावीत, म्हणून मी विक्रेत्याला दोनदा लिहिले. उत्तर आले नाही. ती दोन छायाचित्रे माझ्यापाशी आहेत. मोठी करून, भिंगाखाली धरून मी अकरा ओळी लावल्या आहेत. सुपारी, गोण्या, एका तांडेलाला दिलेली उचल. बारावीत कुणाचे तरी नाव सुरू होते, पण त्यावर पान धरणाऱ्याचा अंगठा आला आहे.