सकळ लिपी आणि मूळ संख्या

आमच्या अल्लीपूरहून वायव्येस जाऊन वर्धा नदी ओलांडली, की अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर फार दूर राहत नाही. मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात तेथेच सिद्ध केले. चक्रधरस्वामींच्या पश्चात पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांचा आग्रह असा, की लेखन संस्कृतात नको, साध्याभोळ्या वृद्ध स्त्रियांनाही कळेल अशा मराठीत हवे. आणि हेच वाङ्मय पुढे कुलपात गेले!

चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी रचली. तिच्या मागोमाग सुंदरी, वज्र, शून्य, अंक अशा कितीतरी सांकेतिक लिप्या आल्या. असे का घडले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कोणी परचक्राचे भय सांगतात, कोणी ग्रंथांचे पावित्र्य. या कुलपामुळे ग्रंथांचे पाठ पुष्कळसे सुरक्षित राहिले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पंथाबाहेरचा मराठी वाचक शतकानुशतके आपल्याच भाषेच्या पहिल्या गद्याला मुकला. ही किंमत आम्हांस फार मोठी वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हा कोठे हे दालन उघडले.

अशा लिपीत एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे अक्षर लिहितात. उकल करणाऱ्याला तेवढे पुरते. भाषेत जे अक्षर वारंवार येते, ते वेष पालटूनही वारंवारच येते; त्याची मोजदाद केली की गुपित फुटते. बगदादच्या अल्-किंदीने हे नवव्या शतकातच लिहून ठेवले होते. शिवाय जी किल्ली कुलूप लावते तीच ते उघडते. ती दूरच्या मित्राला पोहोचवायची कशी, हा पेच विसाव्या शतकापर्यंत सुटला नव्हता.

तो सोडविण्याची एक रीत १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी दिली, आणि तिला आधार कशाचा? अठराव्या शतकातील ऑयलरच्या, त्या काळी निव्वळ बुद्धिविलास वाटणाऱ्या अंकशास्त्राचा. वाचकांनी कागद-पेन्सिल घ्यावी. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या. त्यांचा गुणाकार ३३. ही ३३ आणि घातांक ३ आपण चव्हाट्यावर जाहीर करू. कोणाला ४ हा अंक गुप्तपणे कळवायचा असेल, तर तो ४ चा घन ६४ काढील, ३३ ने भागील आणि बाकी ३१ पाठवील. आता आपली खासगी किल्ली. दोन्ही मूळ संख्यांतून एकेक वजा करून गुणाकार केला, की २० येतात. ज्या संख्येला ३ ने गुणून २० ने भागले असता बाकी १ उरते, ती ७. ३१ चा सातवा घात काढून ३३ ने भागावा. बाकी पुन्हा ४! (३१ ऐवजी उणे २ धरल्यास हिशेब तोंडी होतो.)

येथे रीत लपविलेली नाही, कुलूपही लपविलेले नाही. लपलेले आहेत ते केवळ दोन अवयव. ३३ चे अवयव शाळकरी मूलही पाडील; प्रत्यक्षात मात्र ६१७ अंकी संख्या वापरतात आणि तिचे अवयव पाडणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे. पुंज संगणक हे काम झपाट्याने करील, असे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. तेवढ्या ताकदीचे यंत्र अजून उभे राहिलेले नाही. तरीही २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने, अवयवांवर न विसंबणाऱ्या नव्या कुलपांचे आराखडे प्रसिद्ध केले आहेत.